पायाची पेटी

विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात मला नोकरी लागली ती ग्रंथपालनाच्या पदवीमुळे नव्हे, माझ्या रंगामुळे. असं कुणी बोललं नाही. इंग्लंडात असलं कुणी बोलत नाही, फॉर्म भरून घेतात. आपण कोणत्या वंशाचे हे विचारणारे बरेच चौकोन त्या फॉर्मवर होते. मी 'एशियन, इंडियन'वर खूण केली आणि पुढच्याच आठवड्यात 'कम्युनिटी आउटरीच असिस्टंट' म्हणून मला बोलावणं आलं. नागपूरला सात वर्षं मी पुस्तकांचं वर्गीकरण केलं होतं. इथे माझंच झालं.

दोन हजार चार-पाचचा सुमार होता. नवऱ्याची कंपनी मँचेस्टरला आणि आमचं घर तिथून ट्रेनने चाळीस मिनिटांवरच्या गावात. त्या घरात मी दोन वर्षं 'डिपेंडंट' होते. पासपोर्टात तसा शिक्काच होता. सकाळी त्याचा डबा, दुपारी टीव्हीवर पडकी घरं विकत घेणाऱ्या जोडप्यांचे कार्यक्रम, संध्याकाळी त्याचीच वाट. त्यामुळे ही वर्षभराची हंगामी नोकरी मला जीव की प्राण झाली होती. ती कायम व्हावी म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं. केलंही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

आमच्या मुख्य बाई पन्नाशीच्या, मनाने चांगल्या. मला बरं नसलं की घरी फोन करून विचारायच्या. पण त्यांच्या टेबलावर एक लॅमिनेटर होता, आणि जगातला कुठलाही प्रश्न प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत घालून गरम केला की सुटतो अशी त्यांची श्रद्धा होती. 'दार हळू लावा', 'कप विसळा', 'येथे सूचना लावू नये', सगळं लॅमिनेट केलेलं. ही शेवटची सूचनाही भिंतीवरच लावलेली होती.

माझं पहिलं काम प्रदर्शनाचं. ग्रंथालयाच्या दर्शनी भागात दोन काचेची कपाटं होती. एकात जुन्या काळच्या शस्त्रक्रियेच्या करवती आणि जळवा ठेवायची बरणी. दुसरं माझ्या कम्युनिटीसाठी. विषय, आपला आहार आणि मधुमेह. त्यासाठी प्लास्टिकचं खाणं मागवलं होतं, पण ते बनवणाऱ्यांना समोसा सोडून आपलं काहीच ठाऊक नव्हतं. मग पॅनकेकला चपाती म्हणायचं ठरलं आणि वाटाण्यांच्या वाटीला करी. मागे वाळवंटातल्या उंटांचा मोठा फोटो. मी म्हटलं, आमच्याकडे उंट नसतात. बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "इट्स मोअर अबाउट द फील, लव्ह." तीन महिन्यांत त्या कपाटाचा उपयोग झाला तो एवढाच, की मेडिकलची मुलं त्याला आपल्या बॅगा टेकवून ठेवायची.

कम्युनिटी ग्रंथालयात येत नाही म्हटल्यावर ग्रंथालयाने कम्युनिटीकडे जायचं ठरलं. त्यातून पेट्या निघाल्या. झाकणाच्या निळ्या प्लास्टिकच्या पेट्या. कुठल्याही मंडळाने किंवा कुटुंबाने आठवडाभर घरी न्यायच्या, शिकायचं, परत करायच्या. एक हृदयाची, एक दातांची, एक साखरेची आणि एक पायाची. पायाच्या पेटीत रबराचं एक पाऊल होतं, टाचेला लाल जखम रंगवलेलं. दोन्ही तळव्यांवरच्या मिळून दहा जागा दाखवणारा तक्ता होता आणि मुठीत धरायच्या काडीला लावलेला जाड नायलॉनचा दोरा. मधुमेह जुना झाला की पाय हळूहळू बधिर होतात. डोळे मिटलेल्या माणसाच्या तळव्याला तो दोरा वाकेपर्यंत टेकवायचा आणि त्याला कळलं की त्याने 'हो' म्हणायचं. दहापैकी किती 'हो' आले, ते मोजायचं.

या पेट्या घेऊन मी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, आरती झालेली आणि जेवण अजून उघडायचं होतं. म्हणजे माणसं पळून जाऊ शकत नाहीत असा एकमेव मुहूर्त. मी भाषण केलं आणि विचारलं, मधुमेह कुणाकुणाला आहे? एकही हात वर झाला नाही. मग एकेक जण स्वतंत्रपणे जवळ येऊन कानात सांगू लागला, "आमची काही नाही, नुसती बॉर्डरवर आहे." कुणाची पाच वर्षं बॉर्डरवर, कुणाची बारा. अख्खं मंडळ सैन्यासारखं बॉर्डरवर उभं होतं आणि एकानेही ती ओलांडलेली नव्हती. जेवणात मोदक, जिलबी आणि श्रीखंड होतं. सैन्य तुटून पडलं.

जेवणं झाल्यावर एकच बाई माझ्याकडे आल्या. सांगलीकडच्या, या देशात तीस वर्षं काढलेल्या, एका शाळेत मुलांना जेवण वाढायची नोकरी केलेल्या. साडीवर कार्डिगन आणि पायात धावण्याचे बूट. मंडळात सगळे त्यांना काकू म्हणायचे.

"त्या पायाच्या पेटीत काय काय आहे गं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी दोरा स्वतःच्या तळहातावर टेकवून बघितला आणि म्हणाल्या, "ही मला दे. आमच्यांची बॉर्डरवर वगैरे काही नाही. पंधरा वर्षांचा डायबिटीस आहे, आणि पायाला कळेनासं झालंय. मागे गरम पाण्यात पाय घालून बसले, पाय लाल झाले तरी यांचा पेपर चालूच."

काका रिटायर झालेले बस ड्रायव्हर. मी विचारलं, सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, नर्स दर वर्षी पाय तपासते ना? त्यावर काकूंनी सांगितलं की काका एकदा गेले होते. नर्स विशीतली पोरगी. ती सरळ जमिनीवर बसली आणि तिने काकांचे पाय हातात घेतले. पायाला हात लावला म्हटल्यावर काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला 'अखंड सौभाग्यवती भव' असा तोंडभर आशीर्वाद दिला. ती दचकून मागे सरकली. काकांना इतकं लाजल्यासारखं झालं, की त्यानंतर त्यांनी पाय म्हणून कुणापुढे उघडला नाही. बायको बघेल ती बघेल.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काकू पेटी न्यायच्या. सोमवारी परत आणताना मला आकडा सांगायच्या. "आठ आले गं." पुढच्या महिन्यात, "आठच." त्याच्या पुढच्या महिन्यात, "सात. डाव्याचा अंगठा गेला." आणि एकदा काउंटरवर वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाचाच्या खाली आले ना, की मी त्यांना खांद्यावर टाकून हॉस्पिटलात नेणार. लाजू देत नाहीतर रडू देत." काकांचे पाय त्या दहा ठिपक्यांवर उभे होते, आणि ते मोजणारं काकूंशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

आता आपल्याकडची रीत. कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर निदान साखर घालायची. काकूंच्या लेखी पेटी हे विद्यापीठाचं भांडं होतं. त्यामुळे पहिल्यांदा पेटी परत आली तेव्हा रबरी पावलाशेजारी, पारदर्शक पिशवीत, बेसनाचे अकरा लाडू होते.

त्या सोमवारी मी सुट्टीवर होते आणि पेटी मुख्य बाईंनी स्वतः तपासली. परत आलेल्या वस्तू यादीशी ताडून बघायचा नियम होता. लाडू यादीत नव्हते. बाईंना वाटलं, मूळ यादीच अपुरी आहे. त्यांनी प्रामाणिकपणे नवी यादी केली, 'पिवळे गोळे, मध्यम, अकरा. उपयोग अज्ञात', ती लॅमिनेट केली आणि झाकणात चिकटवली. मंगळवारी मी आले तर बाईंनी एक गोळा पुढे करून विचारलं, याने पायाचा व्यायाम करतात का? मी तो खाऊन दाखवला. बाईंचा चेहरा आजही डोळ्यांपुढे आहे.

हसण्यावारी जायला हवं होतं, पण बाईंनी फॉर्म काढला. शैक्षणिक साधनात खाद्यपदार्थ आढळणे म्हणजे 'इन्सिडेंट'. शेंगदाण्याची अॅलर्जी, उंदीर, विमा, सगळे रकाने भरले. पुढच्या महिन्यात दिवाळी. पेटीतून चिवडा आला. दुसरा फॉर्म. नवीन वर्षात तिळाच्या वड्या आल्या, आणि तक्त्यावरचा डावा तळवा तुपाने पारदर्शक झाला. तिसरा फॉर्म. मधुमेहाच्या पेटीतून गोड येतंय याचं बाईंना हसू यावं अशी माझी अपेक्षा होती. त्या गंभीर होत्या.

"तीन इन्सिडेंट म्हणजे पॅटर्न झाला," त्या म्हणाल्या. "आणि उन्हाळ्यात तुझा रिव्ह्यू आहे. आय वुड हेट धिस टु काउंट अगेन्स्ट यू. तू तुझ्या कम्युनिटीशी बोल."

मी काकूंना एक फोन करायचा होता. 'काकू, गोड घरी द्या हो, ऑफिसात नको,' एवढं म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या आणि लाडू माझ्या घरी आले असते. पण मला रिव्ह्यू दिसत होता, आणि रिव्ह्यूमध्ये फोन दाखवता येत नाही. दाखवता येतो तो कागद. मी कॉम्प्युटरवर बसून अस्सल सरकारी मराठीत लिहिलं: 'पेटीमध्ये कोणत्याही प्रकारचे खाद्यपदार्थ ठेवू नयेत. पेटी जशी नेली तशीच परत करावी. नियमभंग झाल्यास सुविधा बंद करण्यात येईल.' लाल अक्षरात. मग मी तो कागद स्वतःच्या हाताने लॅमिनेट केला. खोटं कशाला सांगू, तो गरमागरम बाहेर आला तेव्हा मला बरं वाटलं. बाईंनी तो बघून "ब्युटिफुल" म्हटलं. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी काकूंनी झाकणात तो कागद चिकटवलेली पेटी नेली आणि सोमवारची वाट न बघता त्याच दुपारी परत आणली. पुसून लख्ख केलेली. काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या. तपासून घ्या. जशी नेली तशीच आहे."

मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, अहो, तो नियम आहे, माझ्या हातात काही..."

"नियम आहे ना, मग बरोबर आहे तुमचं. आम्हीच वेंधळे."

"यावेळी किती आले?"

"बघितलंच नाही," त्या म्हणाल्या आणि कार्डिगनची बटणं लावत निघून गेल्या. त्यांच्यामागे जायला मी काउंटर सोडला नाही. काउंटर सोडून जायचा नियम नव्हता.

बातमी मंडळात पसरायला फारसा वेळ लागला नाही. 'विद्यापीठाला आपल्या हातचं चालत नाही' इथपासून 'हीच मोठी मडमीण झालीय' इथपर्यंत सगळं माझ्या नवऱ्याने बॅडमिंटनला जाऊन ऐकलं आणि मला घरी आणून सांगितलं. "तू पण ना," तो म्हणाला, "एक कॉल करायचा होतास. सॉरी म्हण आणि मॅटर क्लोज कर." मी म्हटलं, रिव्ह्यू होऊ दे, मग जाते. मार्च गेला, एप्रिल गेला. मंडळातून एकही पेटी कुणी नेली नाही. चारही पेट्या शेल्फवर ओळीने बसल्या होत्या. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी मला काकांचे पाय आठवायचे आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे.

जूनमध्ये रिव्ह्यू झाला. समितीत पाच माणसं, सहा प्रकारची बिस्किटं. मी घाबरले होते, कारण पेट्या कुणी का नेत नाही हे आता कुणीतरी विचारणार. बाईंनी माझी बाजू मांडली. फेब्रुवारीपासून इन्सिडेंट शून्य. हरवलेल्या वस्तू शून्य. साहित्याची अवस्था नव्यासारखी. एका डॉक्टरसाहेबांनी विचारलंच, की वापर कमी झालेला दिसतो, तो का? बाई म्हणाल्या, "वी फील द नीड हॅज बीन मेट." गरज पूर्ण झाली आहे! समितीने माना डोलावल्या. माझी सूचना हातोहात फिरली; लाल अक्षरांचं कौतुक झालं, स्थानिक भाषेतून संवादाचा उत्तम नमुना म्हणून इतर विभागांना तिची प्रत पाठवायचं ठरलं. मी त्या खोलीत तोंड उघडू शकत होते. मी एक बिस्किट उचललं. नोकरी कायम झाली.

शनिवारी दुपारी पेढे घेऊन मी काकूंकडे गेले. दार उघडून त्या म्हणाल्या, "या." काका पुढच्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट बघत होते, पायात मोजे आणि सपाता. मी पेढ्यांचा बॉक्स टीपॉयवर ठेवला आणि आनंदाची बातमी म्हणून, शिवाय थोडी लाज वाटत होती म्हणूनही, वाकून त्यांना नमस्कार केला. दोन्ही पावलांना हात लावला. काकांची नजर टीव्हीवर होती आणि ती तिथेच राहिली. मी वाकलेलीच. दुसऱ्यांदा जरा दाबून हात लावला, तरी त्यांना पत्ता नाही. मग काकूंनी "अहो, ती पाया पडतेय," म्हटल्यावर ते दचकले आणि "अरे वा, वा, सुखी राहा" म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माझी बोटं ओली आणि चिकट झाली होती.

"काका, पाय दुखतोय का?"

"छे! ठणठणीत आहे."

काकूंनी खाली बसून त्यांचा डावा मोजा काढला. तो सहजी निघेना. अंगठ्याखाली, तळव्यात, एक पितळी टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली होती. भिंतीवरचं कॅलेंडर टोचायची असते तसली. भोवतालचं मांस काळं पडलं होतं आणि वास येत होता. ती किती दिवसांची होती कोण जाणे. काका वाकून तिच्याकडे कुतूहलाने बघत राहिले, शेजाऱ्याचा पाय बघावा तसे. "ही कुठून आली?" एवढंच म्हणाले.

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. तासाभराने एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने हळू आवाजात समजावून सांगितलं: अंगठा काढावा लागेल, बाकीचं पाऊल वाचेल असं वाटतं. काकूंनी मान हलवली. मला म्हणाल्या, "तू जा घरी, तुझा नवरा वाट बघत असेल." मी गेले नाही. आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने काकूंनी स्वतःच बोलायला सुरुवात केली. "दर महिन्याला वाटायचं, जाऊन मागावी. काय मोठंसं. चार शब्द छापले म्हणून कुणी जिवावर उदार होतं का? आणि मग वाटायचं, नको, रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि भरल्या हाताने गेलं तर चालत नाही." मग म्हणाल्या, "नुसत्या बोटाने करून बघितलं मी घरी. ते प्रत्येक वेळी 'हो' म्हणायचे. मला बरं वाटावं म्हणून."

मला त्या क्षणी जे आठवलं ते मी त्यांच्यापासून लपवलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. पण पाच महिने मी पुरेसं लपवलं होतं. मी म्हटलं, "काकू, तो दोरा आहे ना, तो वापरून वापरून मऊ पडतो, म्हणून कंपनी पाकीटच पाठवते. जास्तीचे वीस दोरे आहेत. माझ्या टेबलाच्या खणात. पेटीची गरजच नव्हती."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मग एक द्यायचास की गं मला," त्या म्हणाल्या.